सागरच्या राहिलेल्या डिलिव्हऱ्या

“आधी ह्या पोराला भाईर काढा. मगच आमची सून टेबलावर झोपंल.”

लेबर रूमच्या दारात एक आजीबाई आडव्या उभ्या होत्या. ‘हा पोरगा’ म्हणजे सागर. बेलापूरचा, सहा फुटी, आमच्या नर्सिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. गाऊन चढवून, हात धुऊन, ते कुठं लागू नयेत म्हणून छातीसमोर धरून तो उभा होता. तसाच बाहेर गेला. मी मागोमाग गेले तर गाऊनच्या गाठी सोडत म्हणाला, “मॅडम, असंच चाललं तर मी परीक्षेला बसणार कसा?”

प्रश्न खरा होता. मी राहुरीजवळच्या एका कॉलेजात बाळंतपणाचं नर्सिंग शिकवायचे. आमच्या मुलांचं प्रॅक्टिकल सरकारी दवाखान्यात चालायचं. लोकांना वाटतं, नर्सिंगला अॅडमिशन मिळाली की झालं. बारावी सायन्स, त्यात बायोलॉजी हवी, सीईटी, मेडिकल फिटनेस. सागरनं हे सगळं पार केलं होतं. पण डिग्री मिळायला वॉर्डातली कामं स्वतःच्या हातानं करावी लागतात. त्यात बाळंतपणंही येतात. ठरलेल्या संख्येइतक्या नॉर्मल डिलिव्हऱ्या, म्हणजे टाके-ऑपरेशनच्या भानगडीशिवायच्या, आमच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यानं करायच्या. प्रत्येकीची वहीत नोंद आणि खाली शिक्षकाची सही. सह्या पूर्ण नसतील तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. मुलगा असो की मुलगी, नियम एकच.

वर्गातल्या मुलींचं काम निम्म्याहून जास्त उरकलं होतं. सागरच्या नावावर एकही डिलिव्हरी नव्हती.

मी प्रिन्सिपल सरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला आणि तोडगाही लगेच दिला.

“त्याला बाजूला उभं करा आणि केली म्हणून सही करून टाका. त्याला कुठं पुढं डिलिव्हऱ्या करायच्यात? आयसीयूत नाहीतर ऑपरेशन थिएटरात जाईल तो.”

“आणि एखाद्या आडगावच्या दवाखान्यात लागला तर? तिथं हा एकटा असताना बाई आली तर?”

“मग तुमच्या मनात काय आहे?”

“अजून काही नाही, सर. पण सही नाही करणार.”

“करू नका. पण पोराचं वर्ष जायला नको,” सर म्हणाले आणि बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली.

परत येताना मी विचार केला, त्या आजीबाईंचं चुकलं काय? कळा सुरू असताना अनोळखी सहा फुटी पोरगा समोर आला तर मीही ओरडले असते. सागरची आणि बायकांची पहिली भेटच चुकीच्या जागी होत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याची ड्युटी बदलून घेतली. त्याला एएनसी ओपीडीत बसवलं. तिथं गरोदर बायका दर महिन्याला तपासायला येतात. वजन, बीपी, रक्त, गोळ्या. सोबत सासू, जाऊ, कधी नवरा.

“इथं काय करू, मॅडम?”

“काम कर आणि बोल. घरी बोलतोस तसं बोल.”

“घरी दोन म्हशी व्यायल्या तेव्हा मीच होतो, हे सांगू का?”

“हे सोडून काहीही सांग.”

पहिले काही दिवस बायका नुसत्या खाली बघायच्या. मग हळूहळू सागरचा जम बसला. आमच्याकडे डॉपलर नावाचं छोटं मशीन होतं. पोटावर टेकवलं की बाळाचे ठोके मोठ्यानं ऐकू येतात. एरवी आम्ही ठोके मोजायचो, आकडा लिहायचो आणि पुढची बाई बोलवायचो. सागर आवाज वाढवायचा आणि आईला म्हणायचा, “ताई, ऐका. तुमचंच हाय.” एकदा नेवाशाकडची सविता सासूबरोबर आली. सासू गयाबाई. त्यांनी ठोके ऐकले आणि पदर तोंडाला लावला.

“आगं बया! घोडं पळतंय जनू!”

“पळू द्या, आजी. असंच पळायला पाहिजे,” सागर म्हणाला.

“आमच्या येळंला आसलं काय न्हवतं. म्होरल्या येळी तूच आस बाबा हितं.”

पुढच्या दोन्ही तपासण्यांना गयाबाईंनी दारातूनच विचारलं, “ते घोडंवालं पोरगं आलंय का?”

सविता कळा घेऊन आली ती सकाळी. ओपीडी नुकतीच उघडली होती. मी तिला आत घेतलं, तपासलं. सगळं व्यवस्थित होतं. कळांच्या मधल्या वेळात तिच्याजवळ बसून मी म्हणाले, “सविता, सागर ब्रदर माहीत आहे ना? तो बाळंतपण करील. मी त्याच्या शेजारीच असेन. तुला नको असेल तर नाही. मनात काही ठेवू नकोस.”

ती बोलायच्या आत गयाबाई उसळल्या. “ठोके ऐकवायला ठीक हाय वो. पन ब्रदर म्हंजी भाऊच की! भावानं बाळंतपन करायचं व्हय?”

सविताला एक कळ आली. ती ओसरेपर्यंत तिनं सासूचा हात दाबून धरला. मग घाम पुसत म्हणाली, “आत्या, पैलं बाळंतपन म्हायेरीच असतंय ना? आपलं इथं होतंय. तर म्हायेरचं एक मानूस असू द्या की.”

गयाबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “लई शानी हाय ही,” म्हणाल्या आणि बाहेर जाऊन सागरला स्वतःच हाक मारून आणलं.

पुढचं काम सागरनं केलं. मी शेजारी हातमोजे घालून उभी होते, पण हात पुढे करायची वेळ आली नाही. “आता जोर नको ताई, नुसता श्वास घ्या,” तो शांतपणे सांगत होता. बाळाचं डोकं त्यानं सावकाश येऊ दिलं. घाई केली तर आईला इजा होते, हे मी वर्गात शंभरदा सांगते. टेबलापाशी ते पाळणं वेगळं. मग खांदे आले, आणि मग एकदम सगळी मुलगी! तिनं लगेच टाहो फोडला. सागरनं तिला पुसून आईच्या छातीवर ठेवलं, नाळ कापली, वार पूर्ण आली का ते नीट बघितलं. सगळं उरकल्यावर मात्र तो भिंतीला टेकला.

“बस खाली,” मी म्हणाले.

“बसतो, मॅडम. पण सही?”

दारातून गयाबाई ओरडल्या, “काय झालं?”

“मुलगी झाली, आजी. आई आणि लेक दोघी बऱ्या आहेत,” मी सांगितलं.

“आन् पोरगं का खाली बसलंय? त्याला पानी द्या आधी!”

दुपारी अख्ख्या वॉर्डात गुळाची ढेप फुटली. पेढे आणायला माणूस गेला होता, पण गयाबाईंना तेवढा दम नव्हता. आमच्या स्टाफला, शेजारच्या खाटांना, सफाईच्या मावशींना, सगळ्यांना त्यांनी स्वतः गूळ वाटला आणि प्रत्येकीला सांगितलं की बाळंतपण त्या उंच पोरानं केलं, लई हळू हातानं. एवढी जाहिरात कॉलेजला पैसे देऊन मिळाली नसती. पुढच्या ओपीडीला दोन बायकांनी आपणहून विचारलं, “तुमचे ते ब्रदर लेबर रूमला असतेत का?”

सागरच्या सगळ्या डिलिव्हऱ्या परीक्षेच्या आधी पूर्ण झाल्या. एकूण एक खऱ्या, आणि प्रत्येकीखाली माझी सही. प्रिन्सिपल सरांनी वही चाळून विचारलं, “हे कसं जमवलं?” मी म्हटलं, “ड्युटी बदलली, सर.” त्यांना वाटलं मी काहीतरी लपवतेय.

आता सागर एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, आयसीयूत नाही. आमच्या कॉलेजात मुलग्यांची ड्युटी तेव्हापासून आधी ओपीडीत लागते, मग लेबर रूममध्ये. अभ्यासक्रमात हा क्रम कुठं लिहिलेला नाही. पण बाईला तुमचं नाव आधी कळावं आणि हातमोजे नंतर दिसावेत, एवढं पाळलं की बाकीचे नियम पाळणं फारसं जड जात नाही.