ही नाही

नौपाड्यातल्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत मी भिंतीवरचं चित्र बघत होते. काळ्या बारीक रेघांमधला येशू, आशीर्वादाला उचललेला हात. हात डावा होता.

"डाव्या हातानं आपण प्रसादही घेत नाही," मी म्हटलं.

रिसेप्शनवरच्या बाईंना हे नेहमीचं असावं. "डॉक्टरांनी इटलीहून आणलंय. पाचशे वर्षांपूर्वीच्या रंगीत चित्रावरून केलेलं. मूळ चित्रात उजवाच हात आहे. कोरणाऱ्यानं ते बघून तांब्याच्या पत्र्यावर जसंच्या तसं कोरलं. कागदावर छापलं, तर उलटं उमटलं."

नवरा हसला. त्याची डावी किडनी गाठीसकट काढायची होती. पुढचं आयुष्य उजवीच्या भरवशावर. आत गेल्यावर डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, तर गाठ माझ्या उजव्या हाताला.

"ते आपल्याकडे तोंड करून आहेत असं समजायचं," डॉक्टर म्हणाले.

कळलं. पण कोरणाऱ्यालाही आपलं काम कळत होतंच की.

डोंबिवलीला येऊन बॅग भरली: फाइल, आधार कार्ड, चादर, चार्जर. ऑपरेशनच्या सकाळी त्याला शर्ट वर करायला लावला आणि उजव्या कुशीवर जाड मार्करनं लिहिलं, 'ही नाही'.

"अगं, खाली सही पण कर."

माजिवड्याच्या हॉस्पिटलात गाऊन घालताना सिस्टरनी ते वाचलं. हसल्या नाहीत.

"मॅडम, जी बाजू उघडायची तिच्यावरच खूण करतात. यातलं 'नाही' पुसलं गेलं तर?"

तर 'ही' उरणार होतं. मी स्पिरिटचे बोळे घेऊन घासायला लागले. 'नाही' खरोखरच आधी गेलं. कातडी लाल झाली, तरी 'ही' दिसतच होतं. सिस्टरनी माझ्या हातातून बोळा काढून घेतला, घासून ते पुरतं घालवलं आणि त्याला बाजू विचारली. त्यानं डावी कूस थोपटली. "इथं. आणि हिला बाहेर बसवा."

त्यांनी डावीकडे बाण काढला. स्ट्रेचर आत गेलं. मी डोळे मिटले की लाल कातडीवरचं ते 'ही' दिसायचं.

संध्याकाळी आत सोडलं. मी त्याच्या पायथ्याशी उभी राहून चादर उचलली. बँडेज माझ्या उजव्या हाताला. मग उशापाशी गेले, त्याच्यासारखं तोंड केलं, स्वतःच्या कुशीवर हात ठेवला आणि पुन्हा बघितलं.

डावी.

मग सिस्टरना विचारलं, पाणी कधी द्यायचं.