मामीचं शेवटचं बटण

अख्ख्या जळगावाला कपडे घालायला कुणी शिकवलं असेल तर आमच्या मामीने; त्याआधी लोक नुसतंच अंग झाकत होते. मॅक्सी हा शब्द आमच्याकडे नुकताच येऊन पोचला होता, तेव्हाची गोष्ट. केळफूल सोलताना मामीला बाही दिसायची, पापड वाळताना घेर. तिच्या मॅक्सीचा घेर एवढा, की ती घालून मी वैशाखाच्या वाऱ्यात गच्चीवर गेले असते तर थेट नशिराबादला उतरले असते. धुळ्याच्या एका लग्नात तर तिने ऐन मंगलाष्टकांत नवरीची बाही टाचण्या लावून फुगवली. हार घालताना नवरदेव जो किंचाळला, त्याला वऱ्हाडी अजून शेवटचं मंगलाष्टक समजतात.

असे तयार कपडे शिवून तिने मामांच्या सरकीच्या दुकानाशेजारची खोली भरली. बायका यायच्या, हात लावायच्या, निघून जायच्या. मामा म्हणाले, "लेकी माहेरी येतात त्या आखाजीच्या सणापर्यंत बघतो. नाही खपलं, तर इथे सरकीची पोती." मामीने जेवण सोडलं, मशीन सोडलं नाही.

आखाजीला आलेल्या लेकीला घेऊन फैजपूरच्या एक अक्का दुकानात शिरल्या. मॅक्सी उलटसुलट करून म्हणाल्या, "काय वं माय, कोनाचं उतरेल हाये हे?" आधीच शिवून टांगलेला कपडा म्हणजे कुणीतरी भांडेवालीला देऊन टाकलेला, अशी त्यांची पक्की समजूत!

मामीने कात्री घेतली आणि मॅक्सीचं वरचं बटण कचकन तोडलं. लेकीला समोर बसवून तेच बटण तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा शिवलं, काठाला कुंकवाचं बोट लावलं. "घ्या अक्का. तुमच्या पोरीसाठी कपडा आत्ता पुरा झाला."

"आता कसं नवं झालं!" अक्का खूश.

आखाजी सरेतो खोली रिकामी. त्यानंतर मामीच्या दुकानात एकही कपडा पुरा म्हणून नसायचा. शेवटचं बटण गिऱ्हाइकासमोरच. मामा स्वतः सुईत दोरा ओवून द्यायचे आणि सरकीवाल्यांना ओरडून सांगायचे, "थांबा हो, बटण चाललंय!"

आता जळगावात काचेची दुकानं झाली. तिथे सगळी बटणं आधीच जागच्या जागी असतात. मामीने मला दिलेली शेवटची मॅक्सी निळी. तोवर तिला नीटसं दिसत नव्हतं, वरचं बटण हिरवं लागलं. कुंकवाचं बोट चाचपत लावून ती म्हणाली, "आता तुझी झाली, बरं का." मी "हो" म्हटलं. बटण अजून हिरवंच आहे.