न विचारता उघडलेलं दार

ढोकी गावच्या आयुब मिस्त्रींची मुलगी फलक लहानपणापासूनच चिवट. बाप ट्रॅक्टरचं इंजिन खोलायचा, तेव्हा ही शेजारी बसून एकेका नटाचं काम विचारायची. पुढं धाराशिवला कॉम्प्युटर शिकली आणि घरीच वेबसाइट बनवायला लागली.

एका दुपारी शेजारच्या कमलबाई आल्या. त्यांच्या तपासण्यांचे रिपोर्ट एका वेबसाइटवर होते आणि पासवर्ड त्या विसरल्या होत्या. तिथं दुसऱ्या एका कंपनीच्या खात्यानं आत जायचीही सोय होती. फलकनं त्या कंपनीकडं कमलबाईंच्या ईमेलनं नवं खातं काढलं. हा ईमेल तुमचाच का, असं विचारणारा मेल अजून कुणी उघडलाही नव्हता. तरी वेबसाइटवरचं त्या खात्याचं बटण दाबताच सगळे रिपोर्ट समोर!

"उघडलं की! मग तोंड का उतरलं गं?"

"मावशी, ईमेल तुमचाच हे मी सिद्ध कुठं केलं? तुमचा ईमेल ठाऊक असलेला कुणीबी असाच आत शिरंल."

कमलबाई दचकल्या. "म्हंजी माझं दुखणं गावभर?"

"तसं व्हायच्या आधीच बंद करायचं."

रिपोर्टच्या वेबसाइटवर स्वतःचं खातं काढून तिनं तसंच पुन्हा करून पाहिलं. तेच झालं. तिनं वेबसाइटवाल्यांना सविस्तर लिहिलं, तर उत्तर आलं, 'पासवर्ड बदलून पाहा.' फोन केला, तर पलीकडून विचारणा झाली, "मॅडम, आपण कुठल्या कंपनीतून बोलताय?"

"ढोकीतून," फलक म्हणाली. फोन कट झाला.

आयुबनं समजावलं, "बेटी, मोठ्यांच्या नादी कशाला लागतीस?"

"अब्बा, ब्रेक लागत न्हाय हे कळल्यावर तुम्ही ट्रॅक्टर रस्त्यावर सोडाल का?"



फलकनं फक्त स्वतःच्या खात्यावर सगळं करून दाखवणारा व्हिडिओ बनवला आणि आधीच्या तीन पत्रांचा उपयोग न झाल्यानं चौथं पत्र थेट सायबर सुरक्षेच्या सरकारी कार्यालयालाही पाठवलं. अकराव्या दिवशी त्या वेबसाइटच्या इंजिनिअर अर्पिताचा फोन आला. "तुमचं खरं आहे. ईमेलची खात्री झालीय की नाही, हे आम्ही तपासतच नव्हतो."

त्याच संध्याकाळी दुसऱ्या कंपनीच्या खात्यानं आत नेणारं ते बटण काढलं गेलं. आठवड्यानं दुरुस्त होऊन परत आलं, तेव्हा फलकनं ईमेलची खात्री न करता तीनदा आपल्याच खात्यात शिरायचा प्रयत्न केला. तीनदा नकार आला. मग ती कमलबाईंकडं गेली.

"आता कुणालाच उघडत न्हाय म्हणतीस. मग मला तरी उघडंल का?"

"उघडंल की, मावशी. आधी तुम्हाला आलेला तो 'ईमेल तुमचाच का' विचारणारा मेल उघडू."