सदलग्याची गाडी थांबवणारी नणंद

अठरा मार्च. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली आहेत आणि मी नणंदेच्या साडीला फॉल लावत बसले आहे. अख्ख्या निपाणीत हे कुणाला खरं वाटणार नाही, कारण साडीशी असा उभा दावा मांडलेली बाई आमच्या आक्कांशिवाय महाराष्ट्र-कर्नाटक दोन्ही राज्यांत मिळून दुसरी झाली नसेल. आक्का गुरांच्या डॉक्टर. सदलग्याच्या वाटेवर एका गावात सरकारी दवाखाना सांभाळतात. लग्न केलं नाही, राहतात आमच्यात, निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. उद्या अकरा वाजता बेळगावात त्यांची चौकशी आहे. डॉक्टरीणबाईंचा पेहराव आणि वागणूक पदाला शोभत नाही, असा अर्ज गेला आहे. तो खरा धरला तर बदली थेट बिदरकडे. खात्यातल्याच एका भल्या गृहस्थानं फोन करून सुचवलं, "मॅडम, साडी नेसून या, तेवढंच बरं दिसतं." म्हणून हा फॉल. तिसऱ्यांदा उसवला आणि पुन्हा घालते आहे, टाका सरळ पडत नाही. आक्का तेवढ्यात चार वेळा परसात जाऊन आल्या. आमच्याकडे एकच म्हैस आहे आणि तिला काहीही झालेलं नाही.

खाकी पँट, बाह्या दुमडलेला पुरुषी शर्ट आणि गुडघ्याला लागतील एवढे गमबूट, हा त्यांचा तीस वर्षांचा वेश. नोकरीच्या पहिल्या महिन्यात साडी नेसून गेल्या होत्या म्हणे. एका म्हशीच्या पोटावर कान लावून उभ्या असताना शेजारच्या दुसरीनं पदर चघळायला घेतला, हातभर आत गेला तेव्हा कळलं. घरी येऊन साडीबद्दल चकार शब्द नाही. "पोटात गोळा झाला असता की तिच्या," एवढंच आठ दिवस बोलत होत्या. त्यानंतर साडी बंद. केस मानेपर्यंत, आणि तेही स्वतःच कात्रीनं कापलेले, त्यामुळे डावी बाजू कायम उजवीपेक्षा बोटभर मोठी. आवाजाबद्दल तर काय सांगावं. जनावरांशी त्या कन्नडात बोलतात, माणसांशी मराठीत आणि खात्याशी इंग्रजीत, पण आवाज तिन्हींत एकच. एकदा दवाखान्यातून सुटलेला बैल रस्त्यावर धावला तेव्हा त्याला त्या "निल्लू", म्हणजे थांब, म्हणून ओरडल्या. बैल गेला निघून. समोरून येणारी सदलग्याची गाडी मात्र जागच्या जागी थांबली. ड्रायव्हर कन्नड होता आणि आज्ञाधारक होता. तो खाली उतरून विचारू लागला, "काय चुकलं मॅडम?"

अशा बाईकडे लोक बघणार, हे मान्य. पण किती बघावं? हसून बोलल्या तर 'लईच मोकळ्या हायत', न हसता बोलल्या तर 'शिष्ट हायत'. कपाळाला कुंकू नाही, हातात बांगडी नाही, पायात जोडवी नाहीत ती का नाहीत, इथपर्यंत चौकशी. बांगड्या घालून गाईच्या पोटात हात कसा घालायचा, हे सांगायला एकही पुढं येत नाही. मागं कुणीतरी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. आक्का खांद्यापर्यंत हात घालून अडलेलं वासरू फिरवताहेत, शर्टाची बाही पार वर गेलेली. त्या बाहीवर चाळीसेक माणसं तावातावानं बोलली. वासरू जगलं का, हे एकानंही विचारलं नाही. मी चिडले, तर आक्का पेरू खात म्हणाल्या, "कालवड झाली. लई गुणाची हाय." त्यांच्या तोंडावर कुणी कपड्यावरून बोललंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "तुझ्या म्हशीला विचार. तिची तक्रार असली तर बदलते."

उलट त्या स्वतः माणसांना बघतात ते जनावरं तपासल्यासारखं. नव्या जावयाला घरी आणलं की आधी डोळे, मग हिरड्या, मग चाल. आमच्या धाकट्या चुलत जावयाला पाहून, "खुराक चांगला हाय, पण पाठ कच्ची हाय," असं त्याच्या आईसमोर म्हणाल्या होत्या, आणि दोन वर्षांत त्याचा मणका सरकला. एकदाच काय ते त्यांनी हे बघणं टाळलं, ते माझ्या वेळी. मला बघायला आठ माणसं आली होती. सासूबाईंच्या बहिणीनं फर्मावलं, "जरा चालून दाखव गं." मी उठले. त्यावर कोपऱ्यात बसलेली ही पँटवाली बाई म्हणाली, "कशाला मावशी? दार तिनंच उघडलं की. चालतच आली न्हवं?" मग केस सोडायला सांगितलं, तर पुन्हा तीच. "चिकोडीच्या गुरांच्या बाजारात आलोय व्हय आपण? बसू दे तिला, पोहे गार व्हायल्यात." मी बसले. लग्न करायचं ते या घरात, हे मी तेव्हाच मनात पक्कं केलं. नवऱ्याकडे तोवर नीट पाहिलंही नव्हतं.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी उखाणे करते. गल्लीत माझ्या उखाण्यांना मागणी आहे, बायका अडून बसतात. यंदा म्हणाल्या, "नेहमीचा नको, डॉक्टरीणबाईंवर घे." मी घेतला.

"चांदीच्या वाटीत केशराची काडी,
नणंद गुरांची डॉक्टर, तिला ठाऊक न्हाय साडी,
आवाज ऐकून तिचा थांबते सदलग्याची गाडी,
बाबगोंडांचं नाव घेते, मी नणंदेची लाडी."

तिसऱ्या ओळीलाच असा काही हशा झाला की चौथी माझी मलाच ऐकू आली नाही. सगळ्यांत जोरात हसली ती एका पुढाऱ्याची बायको. या पुढाऱ्याच्या गाईला पाहून आक्का भर दवाखान्यात म्हणाल्या होत्या, "गाय आजारी न्हाय, उपाशी हाय. औषध नको, वैरण घाला." तेव्हापासून त्याला टोचत होतं, फक्त अर्जात काय लिहावं ते सुचत नव्हतं. ते मी पुरवलं.

अर्ज कन्नडात आहे. उखाणा कन्नडात गेला की त्याची काय गत होते ते मी स्वतः वाचलं. यमक गेलं, वाटी गेली, केशर गेलं. उरलं ते असं: सदर डॉक्टर साडी या पोशाखाविषयी अनभिज्ञता दाखवितात. सदर डॉक्टर मोठ्या आवाजाने सार्वजनिक वाहतुकीस अडथळा आणतात. खाली अकरा सह्या. त्यांतल्या सहा जणांच्या बायकांना मी स्वतःच्या हातानं तिळगूळ दिलाय. आक्कांनी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला, 'वाहतुकीस अडथळा'वर पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "हे कुणाला सुचलं असंल गं? हुशार माणूस दिसतंय." मी आत जाऊन दूध उतू गेलं का ते पाहिलं. दूध तापतच ठेवलं नव्हतं.

याला महिना झाला. रोज सांगीन म्हणते आणि रोज काहीतरी निघतं. आज आक्का पाचव्यांदा परसातून आल्या, फॉलकडे बघून म्हणाल्या, "वाकडा बसलाय." मी म्हटलं, "बसू दे." त्या म्हणाल्या, "बिदरला म्हशी चांगल्या असत्यात म्हणं." मग माझ्याशेजारी बसून राहिल्या. गुडघा हलत होता. तो गुडघा हललेला मी या घरात पहिल्यांदा पाहिला. मी दोरा तोडला.

पुढचं नंतर लिहिते आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला उठले. आक्कांची खाकी पँट आणि पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला, गमबूट धुऊन उन्हाची वाट न बघता फडक्यानं कोरडे केले, आणि ती नवी साडी मी नेसले. आक्का दारात येऊन बघत राहिल्या.

"ही माझी न्हवं?"

"साडी नेसून या म्हणालेत. दोघींपैकी एकीनं नेसली म्हणजे झालं. चला, गाडी चुकंल."

बेळगावात मला आत सोडत नव्हते. मी सांगितलं, अर्जातली दोन कलमं माझी आहेत, लेखकाला आत घ्या. साहेब सभ्य होते. त्यांच्यासमोर, आक्कांच्या शेजारी उभी राहून मी अख्खा उखाणा म्हटला, चारही ओळी, हात जोडून, हळदीकुंकवात म्हणतात तसा. मग चौथ्या ओळीचा कन्नडात अर्थ सांगितला, कारण अर्जात तीच नव्हती. पुढाऱ्याच्या गाईचंही सांगितलं. टाइप करणारी मुलगी खाली मान घालून हसत होती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, "कळवू," म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. मी म्हटलं, "आक्का, तो उखाणा माझा होता, हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

"ठाऊक व्हतं," त्या बुटांकडे बघत म्हणाल्या. "संक्रांतीपासनं चार गावच्या गोठ्यांत लोकांनी म्हणून दाखवलाय मला. पण शेवटची ओळ कुणालाच येत न्हवती. काडी, साडी, गाडी झालं की हसायचेत आणि थांबायचेत. मला वाटायचं, हिनं पुढं काय म्हटलं असंल?"

त्यांनी हात पुढं करून माझ्या पायाशी लोंबणारा फॉल दोन बोटांनी आत सारला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "परत एकदा म्हण बघू. शेवटचीच."