घोडीचा पोळा

तो व्हिडिओ तुम्ही पुन्हा पुन्हा पाहताय, हे मला कालच्या कॉलवर कळलं. “आजी, तिला अजून एकदा नाचायला सांग ना,” असं तुम्ही दोघं म्हणालात आणि मी विषय बदलला. म्हणून आता पहिल्यापासून नीट लिहिते.

उन्हाळ्यात वडीगोद्रीजवळ हायवेच्या कडेला ही घोडी तुमच्या आजोबांना दिसली. मागचा पाय सुजलेला, लगामाने ओठांचे कोपरे फाटलेले, शेपटीला मेंदीचा लाल रंग. वरातीची घोडी. पाय गेला म्हणून कुणीतरी सोडून दिलेली. आजोबांनी तिला टेम्पोत घालून शेतावर आणलं. पाय पूर्ण बरा होणार नाही, हिला आता नुसती उभी राहू द्या, असं डॉक्टर म्हणाले.

ती कुणालाच जवळ येऊ देत नसे. मी पदर सावरायला हात वर केला तरी अंग चोरून भिंतीला टेकायची. मी रोज सकाळी ठरल्या वेळी, त्याच जुन्या निळ्या साडीत जायची. हातावर ज्वारीची भाकरी धरून, तिच्याकडे न बघता उभी राहायची. शेवटी भाकरी खाली ठेवून मी परतायची. श्रावणात एका सकाळी तिने भाकरी माझ्या तळहातावरून उचलली. त्या दिवशी घरी आल्यावर मी बराच वेळ हात धुतला नाही.

मग पोळा आला. ट्रॅक्टर घेतल्यापासून आपल्याकडे बैल नाहीत. आम्ही मातीचे बैल पुजतो. आजोबांना ते दरवर्षी टोचतं. यंदा त्यांनी घोडीलाच सजवून पुजायचं ठरवलं.

“तिला राहू द्या हो,” मी म्हटलं.

“दावणीला जितं जनावर असून मातीला पुरणपोळी चारू का? तिनं काय पाप केलंय? तिचा पोळा न्हाई का?”

मला ते पटलं. त्यांनी तिला धुतलं, बैलांची झूल घातली, गळ्यात घुंगरमाळ बांधली. मी ताट घेऊन समोर उभी राहिले. तेवढ्यात वेशीकडून हलगी वाजत जवळ आली, आणि घोडीने मान वाकवून पुढचा एक पाय उचलला, मग दुसरा.

“अगं बया, घोडी नाचून राह्यली!” शेजारणीने फोन काढला. “काकू, लई खूश झाली बघा! काका, फेटा बांधा आता, तुम्हीच नवरदेव!”

सगळे हसले, आजोबाही. तुम्ही पाहिलंत ते एवढंच.

मग आजोबांना तिचे डोळे दिसले, पांढरे झालेले. पोटावरून घाम टपकत होता. “बंद करा रे ती हलगी!” ते ओरडले. घाईघाईने झूल ओढली, माळ तोडली. हलगी थांबली, घोडी थांबली नाही. मागचा पाय दुमडून ती खाली बसेपर्यंत नाचत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच साडीत भाकरी घेऊन गेले. मला लांबून पाहताच तिने पाय उचलला. परत आले. साडी बदलून गेले, तरी तेच.

आजोबा आता गोठ्याकडे फिरकत नाहीत. घोडी पेंगत असताना मी भाकरी उंबऱ्याशी ठेवते आणि तिला दिसणार नाही अशी विहिरीमागे जाऊन थांबते. कधी भाकरी तशीच असते.

तुम्ही आलात की तिला बघायचा हट्ट धरू नका. माणूस दिसलं की ती नाचायला लागते.