बारा विहिरींच्या वाढीचा तक्ता

कमलताई भगत आमच्याच गावच्या. अंगणवाडीच्या बाई म्हणून सारे त्यांना ओळखत. पण माझी खरी ओळख झाली ती घाटंजीला, माझ्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात. सेवानिवृत्तीला महिना झाला होता. पिशवी काउंटरवर ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, पन्नास फुटाची फीत करून द्या. भिजल्यावर लांबणारी नको. वाढाचं काम लेकरांचं हाये, फितीचं नाही."

मी नववी नापास. वाइंडिंग कोणाच्या हाताखाली नाही, जळालेल्या मोटरी उकलून शिकलो. त्यामुळे मापाला जपणारे गिऱ्हाईक आले की आपले माणूस भेटल्यासारखे वाटते. पोलादी फितीला शिशाचे वजन लावून दिले, कशाला हवी म्हणून विचारले, आणि त्यांच्या कामात कायमचा ओढला गेलो.

अंगणवाडीत बाळाचे वजन दर महिन्याला ज्या तक्त्यावर भरतात, तसा तक्ता ताईंनी गावातल्या बाराही विहिरींचा काढला होता. "एका वजनावर लेकरू अशक्त ठरत नाही. रेघ कोनीकडे चालली ते पाहा," असे त्या सांगत. हल्ली पाऊस मोजक्या दांडग्या दिवसांत सारा कोसळतो आणि मध्ये आठवडेच्या आठवडे उघाड पडते. कागदावर पाऊस भरलेला, जमिनीत मुरलेले काही नाही. ही खोट पावसाच्या नोंदीत दिसत नाही; विहिरीच्या रेघेत दिसते, तीही उन्हाळ्याच्या कितीतरी आधी.

मोजणी पहाटेची, पहिली मोटर सुरू व्हायच्या आत. "इहीर झोपेतून उठाच्या आधी," हा ताईंचा शब्द. धुक्यात तुरीच्या ओळी पोहत असल्यासारख्या वाटत. आत वाकले की खाली आभाळाचा गोल, त्यात ताईंचा चेहरा. वजन पाण्याला टेकले की तो हळूच विरघळे आणि पुन्हा जमे. तो जमेपर्यंत आम्ही बोलत नसू. आजही डोळे मिटले की मी तिथेच उभा असतो.

एका कार्तिकात गावालगतच्या तांड्याच्या पिण्याच्या विहिरीची रेघ एकदम दीड फूट घसरली. मोजणी माझी. त्या आकड्यावर ग्रामसभेने लगतच्या चार शेतांतली गव्हाची पेरणी थांबवली. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की विहिरीचा कठडा नव्याने बांधून उंच केला होता, आणि मी त्याच्या काठापासून मोजले होते. टेप लावला. वाढीव कठडा बरोबर दीड फूट. पाणी होते तिथेच होते.

मी गुपचूप आकडा दुरुस्त करणार होतो. ताई म्हणाल्या, "कपड्यासकट वजन केलं तुमी. होते असं. पन आता चारी घरी जाऊन सांगा लागते. आज हे लपवलं, तं उद्या लेकरू खरंच सुकलं तवा आपलं कोन आयकन?"

त्या स्वतः सोबत आल्या. त्या चौघांतले एक, तांड्यावरचे परसराम नाईक, खाटेवरून उठलेही नाहीत. "काहून मेकॅनिकसाहेब, इहिरीचंबी वाइंडिंग जाळलं का?"

ताई म्हणाल्या, "नाईक, चूक आमची हाये. उद्या गहू पेरा, ओल हाये अजून." माझे नाव त्यांनी काढले नाही, तिथे नाही, पुढे सभेतही नाही.

परसराम खाटेवरून उठले. "बाई, चूक झाली म्हनून सांगाले या तांड्यावर आजवर कोनी आलं नाही." मग आत वळून चहा ठेवायला सांगितले.

त्यानंतर आम्ही प्रत्येक विहिरीत आतल्या दगडावर लाल खूण केली. आता माप तिथूनच. दोन वर्षांनी रेघ खरोखर घसरली. तेव्हा सभेत कोणी सांगण्याआधी उठून आपली मोटर बंद ठेवतो म्हणणारे परसरामच होते. तांड्याचे पाणी मृगापर्यंत पुरले.

यंदा उघाड लांबली आहे. ताई पंच्याहत्तरीच्या झाल्या, गुडघे दुखतात, तरी तक्ता त्याच भरतात. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. दुष्काळ येऊच नये असे मागणे मागितले तर ताईच रागावतील. म्हणून एवढेच मागतो: तो निघाला आहे हे सांगायला ताई आमच्यात असोत, आणि आम्ही चुकलो तर हाताला धरून ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारापर्यंत नेणाऱ्याही त्याच असोत.