शुक्रवारचं लिंबू

मंडईत गुपित टिकत नाही. कोथिंबीर एक वेळ संध्याकाळपर्यंत टिकेल. त्यामुळे सरुबाई लिंबूवालीच्या मंदाला नर्स व्हायचंय, हे आणीबाणी उठली त्या वर्षी सगळ्या मंडईला ठाऊक होतं. कुणी म्हणे, पोरगी धीराची आहे. कुणी म्हणे, रात्रपाळी करणाऱ्या बाईला सून म्हणून घरात घेणार कोण. असं म्हणणारेच घरात कुणी आजारी पडलं की नर्सच्या मागं 'ताई, ताई' करत फिरतात, ते सोडा.

मंदाच्या डोक्यात हे आलं ते तिच्या बापामुळं. बजरंग मंडईतच हमाल होता, छातीच्या दुखण्यानं गेला. शेवटी शेवटी सरकारी दवाखान्यात पडून असायचा. एके दिवशी मंदा डबा घेऊन गेली, तर एक नर्स त्याच्या कॉटवर बसून त्याची नखं कापत होती. हमालाची नखं ती, काळी, फुटलेली. नर्स म्हणत होती, "मामा, हात सैल सोडा, बोट नाही कापत मी तुमचं." बजरंग हसला. त्या सबंध आजारपणात मंदानं त्याला तेवढाच एकदा हसताना पाहिलं. माणूस तर वाचला नाही, पण त्या दिवसापासून पोरीनं एकच धरलं, की आपण हेच काम करायचं.

ती मॅट्रिक झाली, मार्कही बरे पडले. एका धर्मादाय दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत तिनं अर्ज टाकला. आडवे आले ते मामा. आप्पासाहेब म्हणजे सरुबाईचे थोरले भाऊ, लोणी काळभोरला असत. बजरंग गेल्यापासून बहिणीच्या घरात ज्वारीचं पोतं तेच टाकत, तेव्हा त्यांचा शब्द खाली पडत नसे. गावातल्या सर्जेरावांच्या मच्छिंद्रचं स्थळ त्यांनी हेरून ठेवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "लागला नंबर तर शिक बापडी. न्हाई लागला तर दिवाळीनंतर बार उडवून टाकू. पुढल्या साली बघू, असलं काय न्हाई." म्हणजे उडी काय ती एकदाच मारायची होती.

आता सरुबाईनं स्वस्थ बसावं की नाही? पण आयांना स्वस्थ बसता आलं असतं तर देवांचं कसं चाललं असतं. त्या सुमाराला पुण्यात घरोघर संतोषीमातेचे सोळा शुक्रवार धरले होते. दिवसभर उपास, संध्याकाळी एकदा जेवायचं, गूळ-फुटाण्यांचा प्रसाद, आणि आंबटाला शिवायचं नाही हा मोठा दंडक. सरुबाईची पंचाईत झाली ती तिथंच.

"मी कसं धरू?" ती मंदाला म्हणाली. "दिवस उगवल्यापास्नं हात लिंबात. आंबटावरच तर आपलं पोट हाय. तू धर."

मंदानं धरले. तिचा विश्वास होता का, तर थोडा होता, थोडा नव्हता. पण आईचा होता आणि तो मोडायची तिची छाती झाली नाही. लोणीहून मामीनं वर सोमवार चिकटवला. चतुर्थी होतीच. पोरगी आधीच काटकुळी, तिची कॉलरची हाडं वर आली. शुक्रवारी सरुबाई तिच्या ताटाला हात लावत नसे, फुटाण्यांचा डबा लांबूनच पुढं सरकवायची.

मुलाखत नेमकी शुक्रवारी आली. सरुबाईला वाटलं, वार देवीनंच निवडला. मंदाला आदल्या रात्री एक घास उतरला नव्हता. सकाळी निघताना सरुबाईला एक अडचण आली. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालतात. पण दही आंबट, आणि वार शुक्रवार. तशीच कशी पाठवायची लेकीला? तिनं चुलीतल्या राखेनं हात घासघासून धुतले, पुन्हा धुतले, आणि नुसती चिमूटभर साखर मंदाच्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "जा. नीट बोल."

मंदा नीटच बोलली. मेट्रनबाई करड्या आवाजाच्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांनी वडलांविषयी विचारलं, मंदानं नखांची गोष्ट सांगितली. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं जरा वेळ बघितलं, आणि आपलं काम झालं असं मंदाला वाटलं. मग त्यांनी विचारलं, "उपासतापास करतेस? आधीच सांगते, रात्रपाळीला उपाशी मुली धाडकन पडतात. मग आम्ही रोगी सांभाळायचे की त्यांना? असल्या मुली मी घेत नाही. करतेस?"

"नाही," मंदा म्हणाली. विचार करायच्या आत तोंडातून गेलं ते. आयुष्य कुठं वळतं म्हणून विचाराल, तर असं, एवढ्याशा शब्दापाशी.

त्यानंतर मुलींना पट्टी बदलायच्या खोलीत नेलं. एका म्हाताऱ्याचा पाय भाजला होता. मंदाच्या हातात ट्रे दिला. तिला किळस आली नाही, भीती वाटली नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढं उलटच बोललं गेलं. जखमेच्या कडेनं नवी गुलाबी कातडी कशी धरतेय ते ती वाकून बघत होती. तेवढ्यात कान वाजायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली, ट्रे खणकन पडला आणि मागोमाग मंदा.

शुद्धीवर आली तेव्हा ती बाकावर होती आणि समोर पेला होता. त्याचा वास तिनं डोळे मिटूनही ओळखला असता. आईच्या पदराला तोच वास होता, घरातल्या अंथरुणाला तोच.

"लिंबाचं सरबत आहे. पी," मेट्रनबाई म्हणाल्या.

घशाला कोरड पडली होती. मंदाचा हात पुढं झालासुद्धा. मग वार आठवला आणि हात मागं आला.

"नको."

"का नको?"

उपास आहे म्हणावं, तर मघाशी खोटं बोलले हे उघड होतंय. प्यावं, तर आईनं इतके दिवस जपलेलं सगळं पाण्यात. मंदा म्हणाली, "मला लिंबू आवडत नाही." लिंबूवालीच्या मुलीनं हे म्हणावं.

बाईंनी पेला उचलून घेतला. "जखम बघून जी पडते आणि वर दिलेलं घेतही नाही, तिचं काय करायचं ते बघू. यादी लागेल तेव्हा ये." एवढं बोलून त्या पुढच्या मुलीकडं वळल्या.

घरी आल्यावर सरुबाईनं विचारलं, "कशी झाली?" मंदा म्हणाली, "चांगली झाली." दुसरं काय सांगणार होती? दुसऱ्या दिवशी सरुबाईनं ते 'चांगली' मंडईत गाळ्यागाळ्याला वाटलं. शेजारी आलं-मिरची विकणाऱ्या अख्तरबानूला तर तिनं पोरगी पांढऱ्या कपड्यात कशी दिसेल तेही सांगून टाकलं. जुन्या बाजारातून पत्र्याची एक ट्रंक आणली. होस्टेलवर न्यायला लागेल म्हणून तिला निळा रंग लावला आणि वाळायला दारात ठेवली. मंदाला घरात जाता-येता ती ट्रंक ओलांडावी लागायची.

ते दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. नंबर लागेल म्हणावं तर मन खात होतं. लागणार नाही म्हणावं तर आईचं तोंड समोर यायचं. यादीत नाव आहे असं स्वप्न पडलं की जाग आल्यावर ती दिवसभर कुणाशी बोलत नसे. शुक्रवार आला की मुकाट्यानं फुटाणे चावायची. सोडायचे तरी कसे, आई विचारणार, का सोडलेस? शेवटी तिनं ठरवलं, की जाऊन बाईंना खरं काय ते सांगून टाकायचं. आपण भित्री नाही, एवढं तरी त्यांना कळू दे.

गेली. सगळं सांगितलं, वार, उपास, लिंबू, सगळं. मेट्रनबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या खोलीत पहिल्या दिवशी निम्म्या मुली पडतात," त्या म्हणाल्या. "मीही पडले होते. तेवढ्यासाठी मी तुझं नाव यादीतून काढलं नव्हतं."

मंदाला एकदम हलकं वाटलं. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं.

"आता मात्र अवघड केलंस. इथं नर्सनं सांगितलं की औषध दिलं, तर डॉक्टर पुन्हा विचारत नाही. तिच्या शब्दावर माणूस जगतो. तुझ्या शब्दाचं मी काय करू, तूच सांग."

मेट्रनबाईंचं चुकलं असं कुणाला म्हणता येणार नाही. बरोबर होतं असंही माझ्याच्यानं म्हणवत नाही. खोटं बोलून जे वाचलं होतं ते खरं बोलून गेलं, एवढंच.

यादी लागली. मंदानं ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली, मग मागच्या मुलींनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. घरी येऊन तिनं आईला दारातच सांगितलं, "नाही लागला."

सरुबाई रडली नाही. तिनं आपले दोन्ही हात पुढं धरले आणि त्यांच्याकडं बघत राहिली.

"माझ्याच हातानं साखर ठिवली मी," ती म्हणाली. "राखंनं धुतले हुते गं. पण लिंबाचा वास कुठं जातोय. मीच इटाळलं तुझं वरत."

"तसं काही नसतं, आई."

"असतंय."

खरं सांगावं तर ते याहून वाईट होतं. आईच्या हातानं नव्हे, आईनं सांगितलेल्या उपासानंच घात केला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा असू दे, असं मंदानं मनाशी म्हटलं.

आप्पासाहेब आले, सुपारी फुटली. मच्छिंद्र माणूस वाईट नव्हता, पण बाप गेला तेव्हासुद्धा मंदाला इतकं रिकामं वाटलं नव्हतं. तेव्हा पुढं काहीतरी करायचं होतं. निळी ट्रंक आता दारातून आत आली आणि तिच्यात साड्या पडायला लागल्या. चालायचंच, असं सगळे म्हणाले. चालायचंच म्हणणाऱ्याचं काय जातं?

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मंदा आईचा डबा घेऊन मंडईत गेली, तर जागेवर लिंबं नव्हती. सरुबाई पुढ्यात मेथी घेऊन बसली होती. जुडी बांधायला हात वळत नव्हता, बांधलेल्या सुटत होत्या, पाला मलूल झाला होता. नेहमीची गिऱ्हाइकं येऊन विचारत होती, "सरुबाई, लिंबं कुठायत?" ती म्हणत होती, "सोडली."

"हे काय गं आई?" मंदानं विचारलं.

"हात चोख करून घेतले," सरुबाई म्हणाली. "आजपास्नं शुक्रवार मी धरलेत. नर्शीचं तर गेलं माझ्यापायी. संसार तरी नीट हू दे तुझा."

मंदा तिथंच, पाटीशेजारी ओल्या फरशीवर बसली, आणि इतके दिवस कोंडलेलं सगळं बोलली. मेट्रनबाईंनी उपासाचं विचारलं ते. नाही म्हटलं ते. पडले ते भुकेनं, जखम बघून नव्हे. सरबत पुढं आलं आणि शुक्रवार म्हणून घेतलं नाही ते. "तुझ्या साखरेनं काही नाही झालं, आई. तुझे हात आंबट नव्हते," ती म्हणाली आणि ओंजळीत तोंड घालून रडली.

शेजारून अख्तरबानूनं ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "रोज्यात चक्कर आली तर आमच्यात सोडायला सांगतात बेटा. देवानं मर म्हणून कुठं सांगितलंय?"

सरुबाईचा हात मेथीवर तसाच थांबला होता. रागावेल, कपाळ बडवून घेईल, काहीतरी म्हणेल, म्हणून मंदा वाट बघत होती. सरुबाईनं विचारलं, "लई तहान लागली हुती का गं तवा?"

"हो."

सरुबाई उठली. ती अख्तरबानूपाशी गेली, तिच्या आलं-मिरचीशेजारी चार लिंबंही असत, आणि म्हणाली, "एक लिंबू दे." जन्मभर लिंबं विकली तिनं, मागायची वेळ पहिल्यांदा आली.

"सरुबाई, शुक्रवार हाय," अख्तरबानू म्हणाली.

"ठाव हाय."

तिनं विळीवर लिंबू चिरलं आणि डब्याबरोबर आलेल्या पेल्यात स्वतःच्या मुठीनं पिळलं, शेवटच्या थेंबापर्यंत. माठातलं पाणी ओतलं. साखर नव्हती, मीठ नव्हतं, तिच्या ध्यानातही आलं नाही. पेला मंदाच्या पुढं धरला. "पी."

मंदा प्यायली. जीभ आकसत होती, दात आंबत होते, पण तिनं तोंड वाकडं केलं नाही. सरुबाई तिच्या गळ्याकडं बघत होती, एकेक घोट खाली उतरेपर्यंत. पेला रिकामा झाल्यावर तिनं विचारलं, "अजून देऊ?"